कालवांची विरळणी

आमच्याकडे कालवं, म्हणजे ऑयस्टर, कुणी पेरत नाही. ओहोटी लागली की देवगडच्या खाडीतले खडक उघडे पडतात, त्यांना ती चिकटलेली असतात आणि बायका जाऊन फोडून आणतात. माझी आजी उकिडवी बसून लोखंडी टोकाने वरची शिंप उडवायची आणि आतला गर वाडग्यात ओढायची. खालची शिंप खडकालाच राहायची. मी सोबत गेले की मला एका सपाट दगडावर उभं करायची आणि बजावायची, "दर्याक पाठ दाखवूची नाय गो." कालवांबद्दल मला मिळालेलं शिक्षण एवढंच. त्यांचं बी मिळतं, त्यांची विरळणी करतात, त्यांना हिवाळ्यात निजवतात, हे कळायला वयाची बेचाळिशी उजाडली आणि तीही अमेरिकेतल्या मेन राज्यात.

मेन म्हणजे अमेरिकेच्या नकाशात उजवीकडचं अगदी वरचं टोक. पुढे कॅनडा. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही इथे आलो तेव्हा डिसेंबर होता. पहिला हिवाळा मी खिडकीतून बर्फ बघण्यात आणि आईला फोन करण्यात घालवला. मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानात एक हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला: कालवांच्या शेतावर हंगामी माणूस हवा, चिखलाचं वावडं नसावं. माझा कामाचा परवाना नुकताच आला होता. आणि चिखलाचं म्हणाल तर जून-जुलै भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांत, आणि लावणीत गेलेलं बालपण.

मालकीणबाई साठीच्या आसपासच्या. मुलाखत धक्क्यावरच झाली, उभ्या उभ्या. पोहता येतं का, पाठीचं दुखणं आहे का, पहाटे साडेचारला उठवतं का. मी उत्साहाच्या भरात आजीची गोष्ट सांगितली. लोक सहसा "अरे वा, किती छान" म्हणतात. बाईंनी विचारलं, "एका ओहोटीत किती वेळ मिळायचा तिला?" म्हटलं, उधाणाच्या दिवसांत दोन-अडीच तास, भांगाला, म्हणजे पाणी कमी ओसरतं त्या दिवसांत, जेमतेम तास. त्यांनी मान हलवली आणि मला बुटाचा नंबर विचारला.

शेत डॅमरिस्कॉटा नदीत आहे. नकाशात आणि पाटीवर सगळीकडे नदी, पण कोकणातल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळेल की ही खाडी आहे. वरच्या अंगाला ग्रेट सॉल्ट बे नावाचा उथळ पसरट भाग, तिथून बरेच मैल खाली खुला समुद्र. गोड पाणी फारसं येत नाही. भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा फुटांचा. वरचा भाग उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी वीस अंशांपर्यंत तापतं, तोंडाशी मात्र ऑगस्टमध्येही पाय घालवत नाही. कालवांना वाढायला थोडी ऊब लागते, म्हणून बरीचशी शेतं वरच्या अंगाला आहेत. बाईंचं त्यातलं एक, अगदी लहान. एक सपाट बुडाची होडी, एक तरंगता लाकडी पाट, आणि पन्नासच्या आत पिंजरे.

कामाला लागले ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. पाणी पाच-सहा अंशांचं. पहिलं काम, हिवाळाभर तळाशी असलेले पिंजरे वर काढायचे. प्रत्येक पिंजऱ्यात जाळीच्या सहा काळ्या पिशव्या, पिशव्यांत कालवं, आणि पिंजऱ्याच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन लांबट फुगे. फुग्यांना टोपणं असतात. टोपण काढलं की फुग्यात पाणी शिरतं आणि पिंजरा बुडतो. वर काढून पाणी ओतून टोपण घट्ट बसवलं की तो तरंगतो. यापेक्षा अवघड यंत्र त्या शेतावर मी एकच पाहिलं, त्याबद्दल पुढे सांगते. पण पाण्याने आणि गाळाने भरलेला पिंजरा कप्पीवर वर येत असताना होडी ज्या बाजूला कलंडते त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं, हे सांगून कळत नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा गुडघ्यांवर आपटले.

मग मेलेली वेगळी काढायची. हिवाळ्यात काही ना काही मरतातच. मेलेलं कालव बाहेरून अगदी जिवंतासारखं दिसतं, दोन्ही शिंपा मिटलेल्या, आत फक्त गाळ. बाईंनी मला दोन कालवं हातात घेऊन एकमेकांवर आपटायला लावली. जिवंताचा आवाज गोट्यांसारखा भरीव, मेलेल्याचा पोकळ. पाडपाला आलेला फणस टिचकी मारून पारखणाऱ्या घरातली मी, मला हे लगेच जमलं. दुपारपर्यंत बाईंनी माझ्या निवडलेल्या ढिगातून पाच-सहा तपासली आणि नंतर तपासायचं सोडून दिलं. शाबासकीची त्यांची रीत हीच, हे मला ऑगस्टमध्ये समजलं.

त्याच सुमाराला आईचा फोन आला. कालवांची शेती म्हटल्यावर तिला कोंबड्यांसारखं काहीतरी वाटलं असावं.

"त्यांका खावक काय घालतत?"

"काय नाय घालणत. पाण्यातला काय मिळात ता खातत."

"मगे तुका पगार कसलो देतत?"

खरं तर हा प्रश्न मी स्वतःलाच विचारत होते. कालव पाणी आत ओढतं, त्यातले सूक्ष्म वनस्पतींचे कण गाळून घेतं आणि पाणी सोडून देतं. खायला घालणं नाही, खत नाही, औषध नाही. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं करतात काय? उत्तर हळूहळू हाताशी आलं: जागा करून देतात. चाळायचं, मापाप्रमाणे वेगळं करायचं, गर्दी झाली की एका पिशवीची दोन, दोनाच्या चार. बाई त्याला निराळंच काहीतरी म्हणायच्या, मी मनात विरळणी म्हणू लागले. मग काम सोपं वाटायला लागलं.

बी आलं जूनच्या शेवटी. मी पोत्याची वाट बघत होते, बाईंनी जेवणाच्या डब्याएवढी ओली पुडी काढली. त्यात तीस हजार. एकेक दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा, भिंगातून बघितलं तर पूर्ण कालव, दोन शिंपा, कडेला रेघा, सगळं. बी तयार करतात त्या हॅचरीत आधी प्रौढ कालवांना कोमट पाण्यात ठेवून अंडी सोडायला लावतात. अंड्यातून निघालेली पिल्लं, म्हणजे डिंभक, दोनतीन आठवडे पोहतात आणि मग त्यांना चिकटायला जागा हवी असते. आपल्या खाडीत ते खडकाला, नाहीतर दुसऱ्या कालवाच्या पाठीला चिकटतात, म्हणून आपल्याकडे त्यांचे झुबके. हॅचरीत शिंपल्यांची अगदी बारीक भुकटी पसरून ठेवतात. कण इतका लहान की त्यावर एकालाच जागा. त्यामुळे प्रत्येक कालव सुटं वाढतं आणि हॉटेलच्या ताटलीत एकटं मिरवतं. नदीकाठच्या वॉलपोलमध्ये मूक सी फार्मची हॅचरी 1985 पासून आहे. त्याच गावात मेन विद्यापीठाचं डार्लिंग मरीन सेंटर आहे, जिथे 1970 च्या दशकात हर्ब हिडू या प्राध्यापकांनी या थंड पाण्यात कालवं वाढवता येतील का याचा पाठपुरावा केला. आज नदीत जी शेतं दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ त्या खटाटोपात आहे.

हे बी दीड मिलिमीटरच्या जाळीत भरायचं. जाळीचं तोंड बंद करायला प्लास्टिकचा चीर दिलेला पाइप असतो, जाळीच्या काठावर तो सरकवत न्यायचा, उशीच्या अभ्र्याला दांडी घातल्यासारखा. मी सरकवला. एका पिशवीवर शेवटची तीन बोटं जागा राहिली, माझ्या लक्षात आलं नाही. आठ दिवसांनी उचलली तेव्हा ती हाताला हलकी लागली. दीड-दोन हजार कालवं नदीत सांडली होती.

बाईंना सांगायला मी संध्याकाळपर्यंत धीर गोळा करत होते. सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "आज सगळ्या पिशव्यांची तोंडं हाताने तपास. डोळ्यांनी नको, हाताने." पाणी थंड, हातमोजे काढून. प्रत्येक काठावरून अंगठा फिरवत गेले. माझ्यासारखी राहिलेली आणखी दोन सापडली. त्यातली एक बाईंनी स्वतः भरलेली होती. ते मी सांगितलं नाही, तिचं तोंड नीट लावून टाकलं. बीचे पैसे फार नसतात. पण ती सांडलेली दोन हजार तीन वर्षांनी विकली गेली असती, हा हिशोब माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिला.

तीन वर्षं. हा आकडा मला पहिल्यांदा खोटा वाटला होता. आपल्याकडच्या उबदार पाण्यात, केरळच्या अष्टमुडी कायलात वगैरे, दोरीला टांगलेली कालवं वर्षभराच्या आत काढणीला येतात. सिंधुदुर्गातही वाडातरसारख्या खाड्यांत बायकांच्या बचत गटांनी असे प्रयोग केलेत. मेनमध्ये तीन इंच व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात, कारण वर्षातले सहाच महिने कालव वाढतं. पाणी चार-पाच अंशांच्या खाली गेलं की ते शिंपा मिटतं, खाणं थांबवतं आणि वसंत येईपर्यंत निजतं. मी विचारलं, मग एवढ्या थंडीत हा धंदा करायचा तरी कशाला? बाई म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये सांगते."

जुलै-ऑगस्ट म्हणजे उलटापालट. तरंगत्या पिंजऱ्यांवर आठ-दहा दिवसांत शेवाळ चढतं, शिनाण्यांची, म्हणजे काळ्या लांबट शिंपल्यांची, पिल्लं चिकटतात, पांढरे खरखरीत बार्नॅकल बसतात, आणि जाळीची भोकं बुजली की आतल्या कालवांना पाणी मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे ऊन. होडीतून वाकून पिंजरा पकडायचा आणि गर्रकन उलटा करायचा. फुगे खाली, पिशव्या वर हवेत. एक दिवस तसाच ठेवला की शेवाळ वाळून कोळपतं, कोवळी शिनाणी मरतात. कालव मात्र तोंड घट्ट मिटून पाणी धरून बसतं, त्याला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथं. म्हणजे आमच्या गच्चीवरचं वाळवणच, फक्त वाळवायचा जिन्नस सोडून बाकी सगळं वाळवायचं. चाळीस-बेचाळीस पिंजरे उलटले की खांद्यात जो ठणका बसतो, तो कोणत्याही मलमाने जात नाही. मी आईकडून महानारायण तेल मागवलं होतं. बाईंनी एकदा वास घेऊन बाटली परत केली.

आता ते यंत्र. एक लांब भोकं पाडलेला पिंप, आडवा, मोटरवर फिरणारा, आत पाण्याचे फवारे. एका टोकाने कालवं ओतायची, ती गडगडत जातात, लहान भोकांतून लहान, मोठ्यांतून मोठी पडतात. मला वाटलं ही फक्त चाळण आहे. पण या गडगडण्यात कालवाच्या कडेची नवी, कागदासारखी पातळ शिंप मोडते. वाढीची कड मोडली की कालव लांबीला न धावता खोलीला भरतं, वाटी खोल होते, शिंप जाड होते. तुळशीचा नाहीतर झेंडूचा शेंडा आपण खुडतो तसंच. अति खुडलं तर मात्र कालव खंगतं, म्हणून त्या पिंपाचा वेग बाई स्वतःच ठरवायच्या, मला हात लावू देत नसत.

या दिवसांत काढणीचे नियमही कडक. उबदार पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात आणि कच्चं कालव खाणाऱ्याला ते आजारी पाडू शकतात. म्हणून पाण्याबाहेर काढलेलं कालव होडीतच बर्फाच्या पाण्यात जातं, काढल्याची वेळ वहीत लिहिली जाते. शंभर-शंभरच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीला चिठ्ठी: तारीख, नदीचा कुठला भाग, कुणाचं शेत. पिशवी रिकामी होईपर्यंत ती चिठ्ठी सुटू द्यायची नाही आणि नंतरही हॉटेलवाल्याने नव्वद दिवस जपून ठेवायची. कुणी आजारी पडलं तर माग काढता यावा म्हणून. पाऊस पडला तरी काढणी थांबते. चोवीस तासांत साधारण दोन इंचांवर पाऊस झाला की रस्त्यावरची, अंगणातली घाण वाहून येते, आणि सरकार तो भाग काही दिवस बंद करतं. दोन इंच! देवगडात जुलैमध्ये तेवढा चहा आणि जेवण यांच्यामध्ये पडतो. मी हे सांगितलं तेव्हा बाईंना ती थट्टा वाटली.

काठावरच्या बंगलेवाल्यांचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्याचा मला कंटाळा आला होता. पाणी कुणाच्या मालकीचं नसतं, राज्याकडून ते भाडेपट्ट्याने मिळतं. नवख्यांसाठी चारशे चौरस फुटांचा एक वर्षाचा लहान परवाना आहे, मोठा पट्टा वीस वर्षांपर्यंतचा. मोठ्या पट्ट्यासाठी जाहीर सुनावणी होऊ शकते. मी एकीला प्रेक्षक म्हणून गेले. लॉब्स्टर पकडणारे म्हणत होते आमची जागा जाते, ते मला पटत होतं. पण एक गृहस्थ उठून म्हणाले की काळ्या पिंजऱ्यांमुळे त्यांच्या व्हरांड्यातून दिसणाऱ्या देखाव्याचा विचका होतो. शेजारच्या खुर्चीवरचा एक कोळी पुटपुटला, व्हरांडा वर्षातून सहा आठवडे उघडतो.

या नदीत कालवं नवी आहेत, असं मात्र कुणी म्हणू नये. डॅमरिस्कॉटा गावाला लागून, नदीच्या काठावर, व्हेलबॅक नावाचा शिंपल्यांचा ढीग आहे, दोन हजार वर्षांपूर्वीपासून इथल्या मूळच्या अबेनाकी लोकांच्या पूर्वजांनी खाऊन टाकलेल्या शिंपांचा. एके काळी तो तीस फुटांपर्यंत उंच होता. 1886 ते 1891 या काळात एका कारखान्याने तो खणून, दळून कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकला. उरलेला भाग आता सरकारी जपणुकीत आहे. समोरच्या न्यूकॅसलच्या काठावर दुसरा ढीग जवळजवळ शाबूत आहे. ओहोटीला होडीतून जाताना तो दिसतो, माती घसरलेली आणि आत पांढऱ्या थरांवर थर. त्या शिंपा माझ्या तळहातापेक्षा मोठ्या. मला तिथे दर वेळी आजीच्या परसातला, माडाच्या मुळाशी टाकलेल्या शिंपांचा ढीग आठवायचा. कोंबड्या तिथेही चरायच्या.

सुट्टीच्या दिवशी मी गाव पाहिलं. मे महिन्यात डॅमरिस्कॉटा मिल्सला, 1807 साली बांधलेल्या दगडी पायऱ्यांवरून, आपल्या पाल्याच्या कुळातले मासे समुद्रातून तळ्यात चढतात. हजारोंनी, एकमेकांना ढकलत, एसटीत चढतात तसे. ते बघत मी दोन तास उभी होते आणि माझ्या डोक्यात फक्त माशांचं तिखलं शिजत होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी बाईंनी धक्क्यावर दोन कालवं उघडली. मी तोपर्यंत कच्चं जवळजवळ खाल्लंच नव्हतं. आमच्या घरात कच्चं कालव कुणी तोंडात घालत नाही. जूनमध्ये एकदा आग्रहाखातर खाल्लं होतं, त्यात नुसतं खारट पाणी आणि एक मऊ काहीतरी एवढंच कळलं होतं. हे निराळं होतं. शिंपेत गर काठोकाठ, सायीच्या रंगाचा. आधी खारं, मग चावल्यावर गोड, अगदी उघड गोड, आणि शेवटी तांब्याच्या घड्यातलं पाणी प्यायल्यासारखं काहीतरी जिभेवर राहिलं.

"हे थंडीचं," बाई म्हणाल्या.

उन्हाळ्यात कालव अंडी सोडतं आणि रोडावतं. आपल्याकडे उबदार पाण्यात हे वर्षातून पुन्हा पुन्हा होऊ शकतं. इथे उन्हाळ्यात जेमतेम एकदा. त्यानंतर पाणी गार होऊ लागलं की ते निजण्याच्या तयारीला लागतं, चार-पाच महिने काही खायचं नाही म्हणून अंगात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा करतं. गोडी त्याचीच म्हणतात. म्हणजे ते स्वतःसाठी बांधत असलेली शिदोरी आपण मध्येच उचलून खातो. हे बोलून दाखवल्यावर बाईंनी तिसरं कालव उघडून माझ्या हातात दिलं.

उघडणं मला शेवटपर्यंत त्यांच्यासारखं जमलं नाही. खडकावरचं कालव फोडायचं असतं, इथे बिजागरीत सुरीचं टोक रुतवून किल्ली फिरवल्यासारखं वळवायचं, मग वरच्या शिंपेच्या पोटाला घासून स्नायू कापायचा आणि आतलं पाणी सांडू द्यायचं नाही. डाव्या तळहातावर अजून एक पांढरी रेघ आहे. टाका पडला नाही, पण आठवडाभर मीठ हाताळता येईना, आणि त्या शेतावर मिठाशिवाय दुसरं होतंच काय.

शिंपेला तडा गेलेली, वेडीवाकडी कालवं विकली जात नाहीत. ती मी घरी न्यायला लागले. एका रविवारी बाईंना जेवायला बोलावलं आणि सुकं केलं: कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, आईने पाठवलेला मालवणी मसाला, दोन आमसुलं. ताजं खोबरं मिळालं नाही, गोठवलेलं वापरलं, त्यामुळे वाटणाला हवा तसा रंग आला नाही. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, त्यातल्या दोन फाटल्या. बाईंनी पहिला घास घेतला, कपाळावर घाम आला, तरी दोनदा वाढून घेतलं. मग पातेल्यात चमचा फिरवत मोजायला लागल्या.

"यात किती आहेत?"

"आठ डझन असतील."

हॉटेलात तेव्हा एका नगाला तीन-साडेतीन डॉलर पडायचे, बाईंच्या हातात त्यातला लहानसा वाटा यायचा. तरी त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला असणार. म्हणाल्या, "एवढं महाग जेवण मी आयुष्यात जेवले नाही." आणि भाकरीच्या तुकड्याने ताटली पुसली.

त्या रात्री जेवणानंतर त्यांनी 2010 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी नदीत एमएसएक्स नावाचा कालवांचा रोग आला. माणसाला त्याचा काही अपाय नाही, पण कालवं पटापट मरतात, विकायला तयार झालेलीसुद्धा. बाईंचं शेत तेव्हा सहा वर्षांचं होतं. पिंजऱ्यामागून पिंजरा वर काढायचा आणि आपटून बघायचं, पोकळ, पोकळ, पोकळ. धंदा बंद करायचा ठरला होता. मग हॅचऱ्यांनी रोगाला तोंड देणाऱ्या वाणाचं बी दिलं आणि त्यांनी पुन्हा पेरलं. आता चिंता दुसरी आहे. मेनचा हा समुद्र जगातल्या सगळ्यांत वेगाने तापणाऱ्या समुद्रांपैकी एक. कालवं लवकर वाढतात म्हणून काही शेतकरी खूश आहेत. बाई नाहीत. लवकर वाढलेलं कालव त्यांच्या मते पाणचट, आणि उबदार पाण्याबरोबर काय काय येतं ते त्यांनी एकदा बघितलंय.

नोव्हेंबर संपत आला की पिंजरे बुडवायचे. पृष्ठभागावर बर्फ धरला आणि भरतीबरोबर तो हलला तर पिंजरे, दोर, सगळं ओढून नेतो. तळाशी बर्फ पोचत नाही. त्याआधी शेवटची विरळणी झाली. जूनमध्ये मोहरीसारखं आलेलं बी आता अंगठ्याच्या नखापेक्षा मोठं झालं होतं, काही तर रुपयाच्या नाण्याएवढं. एका डब्यातून आलेल्या तीस हजारांना, म्हणजे माझे दोन हजार वजा जाता उरलेल्यांना, आता कित्येक पिशव्या लागत होत्या. आईला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तरवो लावलंस." होय, म्हटलं, तसंच.

पिंजरे बुडवायला आम्हाला चार दिवस लागले, वाऱ्यामुळे मध्ये एक दिवस फुकट गेला. दोन्ही टोपणं काढायची, फुगा गुडगुड करतो, पिंजरा एका बाजूने कलतो, मग सावकाश खाली जातो, आणि बुडबुडे थांबेपर्यंत दोर हातात धरून ठेवायचा. शेवटच्या पिंजऱ्याचं एक टोपण निघेना. पकडीने प्रयत्न केला, हातमोज्याने केला. शेवटी मोजा काढून उघडा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पहिल्या क्षणी थंडी जाणवत नाही, भाजल्यासारखं वाटतं. टोपण सुटलं, पिंजरा कलला. बाई दुसऱ्या बाजूने दोर सोडत होत्या. आतल्या पिशव्यांत बीच होतं, त्या वर्षीचं.

बुडबुडे थांबल्यावर मी वहीत त्याचा क्रमांक लिहायला घेतला. बोटं वळेनात, चाराचा आकडा नऊसारखा आला. बाईंनी वही घेतली, खोडून नीट केला, आणि इंजिन चालू करायच्या आधी माझा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घालून ठेवला. धक्क्यावर पोचेपर्यंत ओहोटी पुरती लागली होती आणि शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर पातळ बर्फ धरला होता. मी होडी बांधायला वळले तेव्हा सवयीने तोंड पाण्याकडेच ठेवलं.